टाळांची चोरी

आत्माराम राऊतांनी आयुष्यात कशावर विश्वास ठेवला असेल तर तो खात्याच्या पेटीतल्या पितळी वजनांवर, आणि तोही दर वर्षी ती वजनं वरच्या कचेरीतून तपासून आल्यावर. वजनमापे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. वसईच्या पट्ट्यात आगाशीपासून पापडीपर्यंत जिथं जिथं तराजू टांगलेला असे, तिथं त्यांच्या येण्याची बातमी त्यांच्या आधी पोचायची. पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा, पोटातून पोखरलेलं वजन, खालून चेपलेलं दुधाचं माप, असली सोंगं ते लांबूनच ओळखत. बाजार त्यांना 'काटेवाले साहेब' म्हणायचा, आणि साहेब दिसले की केळीवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांचे हात एकदम सैल सुटायचे. फक्त अर्नाळ्याच्या कोळणींपुढे त्यांचं काही चाललं नाही. त्या मासळी वाट्यानं विकतात. वाट्याला ना वजन ना माप, मग तपासायचं काय? ही सल त्यांना निवृत्तीनंतरही होती.

नोकरीतून माणूस निवृत्त होतो, स्वभावातून होत नाही. बोळींजच्या त्यांच्या इमारतीत गॅसचा सिलिंडर आला की आधी तो दारातच काट्याला टांगला जायचा. पाण्याचा टँकर आला की हे खुणा केलेली काठी घेऊन टाकीपाशी हजर. वॉशिंग मशीनची शिट्टी हल्ली वाजत नाही, म्हणजे मेकॅनिकनं ती काढून दुसऱ्या मशीनला बसवली. मागच्या वाडीत संध्याकाळी रातकिडे ओरडत नाहीत, म्हणजे बिल्डरनं जमीन हडपण्याआधी काहीतरी फवारलं. प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी असतं, आणि ते कुणीतरी लबाड असतं, असा त्यांचा साधा हिशेब.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाचं केळंसुद्धा फुकट खाल्लं नाही, आणि त्यांनी खोटा ठरवलेला काटा फेरतपासणीत कधी खरा निघाला नाही. याचा त्यांना अभिमान होता. असायलाच हवा, असा माणूस आता शोधून सापडणार नाही.

या संशयी माणसाला एकच मऊ जागा होती, ती भजनाची. बोळींजच्या भजनी मंडळात त्यांनी वीस वर्षं टाळ धरले. काशिनाथबुवा गायचे, आणि त्यांच्या डाव्या हाताला आत्माराम. दोन हजार पाच साली मंडळानं वसईच्या एका स्टुडिओत जाऊन आठ अभंगांची सीडी काढली, पन्नास प्रती. पुढं बुवा गेले, पखवाजवाला मुलाकडे सुरतेला गेला, मंडळ पांगलं. राहिली ती सीडी. सकाळी सात वाजता ती लावायची आणि शेजारी पत्नी जयवंतीबाई वालाचं बिरडं सोलत बसलेल्या, हा त्यांचा सुखाचा तास. बुवांचा आवाज ऐकायचा म्हणून लावतो, असं ते सांगत. खरं म्हणजे ते टाळ ऐकत. स्वतःचे.

टाळेबंदीच्या वर्षी सीडीचं यंत्र बिघडलं. आज दाखवू, उद्या दाखवू करत तीन वर्षं गेली. मधल्या काळात मुलीनं मोबाइलवर अभंग लावून दिले, पण दर दोन अभंगांमागे बनियनची जाहिरात यायची. शिवाय आपण मोबाइलवर ऐकतो तेव्हा मोबाइलही आपलं ऐकतो, असं त्यांनी कुठं तरी वाचलं होतं. आणि बोळींजच्या मंडळाची सीडी मोबाइलवर कुठून असणार? शेवटी ते यंत्र पिशवीत घालून नंदाखालच्या नाक्यावर कॉन्रॅडकडे गेले.

कॉन्रॅड रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. जयवंतीबाईंचं माहेर आगाशीचं. त्यांच्या वडिलांचा रेडिओ कॉन्रॅडच्या बापानं कितीदा तरी उघडलेला, म्हणून तो त्यांना ताई म्हणे.

त्यानं यंत्र उघडून बघितलं. "साहेब, लेन्स गेली. आता मिळत नाय."

"मग नवीन सीडी प्लेयर केवढ्याला?"

"तो आता शौकिनांचा खेळ झाला. तुमची पेन्शन जाईल त्यात." कॉन्रॅडनं मागच्या फळीकडे बोट केलं. "त्यापेक्षा डीव्हीडी प्लेयर न्या. लोक भंगारात टाकतायत, माझ्याकडं चार पडलेत. गाण्याची सीडी त्यात मस्त चालते. तुमचा अँप्लिफायर आणि स्पीकर चांगले हायत, त्यालाच जोडा."

आत्मारामांच्या मनात पाल चुकचुकली. सिनेमाही दाखवतो, गाणंही वाजवतो, आणि किंमत नुसतं गाणं वाजवणाऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही? जी वस्तू काम जास्त करते आणि पैसे कमी घेते तिच्या पोटात कुठं तरी पोकळी असतेच, हे त्यांना बाजारानं शिकवलं होतं.

कॉन्रॅडनं तीन रंगांची वायर काढली. "लाल आणि पांढरी अँप्लिफायरला लावायची. पिवळी टीव्हीची, ती मोकळी सोडा."

"मोकळी? मग तिच्यातून जे यायचं ते जाणार कुठं?"

"त्यातून चित्र येतं साहेब. गाण्याच्या सीडीत चित्र नसतं."

"नसतं ना? मग तोंड कशाला उघडं?"

कॉन्रॅडनं प्लेयर, रिमोट आणि वायर पिशवीत घातली आणि रिमोटमध्ये स्वतःकडचे सेल टाकून दिले. फुकट सेल! पाल पुन्हा चुकचुकली.

घरी येऊन आत्मारामांनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्या पिवळ्या तोंडावर चिकटपट्टी लावली. गाण्यातलं काही तिकडून गळायला नको. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून त्यांनी पिवळी वायर टीव्हीला लावून बघितली, तर पडद्यावर गाण्याचा नंबर आणि पळणारे सेकंद दिसू लागले. झालं, माकडाच्या हाती कोलीतच! पेट्रोल पंप तपासताना वापरायचं घड्याळ कपाटातून निघालं. दोन दिवस घरातल्या एका जुन्या सिनेमागीतांच्या सीडीवर गाणं कमी आणि पंचनामा जास्त चालला. आणि कबूल करायला हवं, चोरी सापडलीही. रिमोटवर मधलाच नंबर दाबला की यंत्र त्या गाण्याचा पहिला अर्धा शब्द गिळत होतं.

कॉन्रॅडनं ते मान्य केलं. "ह्या मशीनची ती खोड हाय. सीडी पकडेपर्यंत आवाज दाबून ठेवतं. पहिल्यापासून लावा, मधूनच नंबर दाबू नका."

"म्हणजे चोरी कबूल."

"चोरी काय बोलता साहेब. खोड बोला."

पण काटेवाल्या साहेबांना एक धागा मिळाला होता. ज्यानं अर्धा शब्द खाल्ला तो आणखीही काही खात असणार.

गुरुवारी सकाळी त्यांनी आंघोळ करून मंडळाची सीडी लावली. तीन वर्षांनी लावत होते. पेटी वाजली, पखवाजाची थाप पडली, बुवांनी तोंड उघडलं. आवाज थोडा लांबून आल्यासारखा, पण बुवांचाच. आत्माराम डोळे मिटून वाट बघत राहिले. पहिलं कडवं संपलं. त्यांनी डोळे उघडले, आवाज वाढवला, स्पीकरपाशी जाऊन कान लावला. पखवाज धडधडत होता. टाळ नव्हते.

"जयवंती, ऐकलंस? टाळ गायब."

जयवंतीबाईंच्या हातात अर्धं सोललेलं बिरडं होतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "वाजतायत की."

"कुठं?"

"अहो, वाजतायत." आणि त्यांनी मान खाली घालून पुन्हा सोलायला घेतलं.

साक्षीदार मान खाली घालतो तेव्हा त्याचा अर्थ काय, हे आत्मारामांना पाठ होतं. बाई कॉन्रॅडची बाजू घेत होत्या. माहेरचा माणूस पडला ना! त्या दिवशी दुपारचं जेवण त्यांना गेलं नाही. बुवा होते, पेटी होती, पखवाज होता, आणि त्या सगळ्यांतून फक्त त्यांना कुणी तरी उचलून बाजूला ठेवलं होतं. मेल्यावर सीडीत राहू, एवढी एकच फुशारकी त्यांनी आयुष्यात मारली होती.

सीडी आणि यंत्र घेऊन ते पुन्हा नंदाखालला गेले. कॉन्रॅडनं लावून ऐकलं आणि मान हलवली. "टाळ एक नंबर हायत साहेब."

"कॉन्रॅड, त्यात मी वाजवतोय. मला शिकवू नकोस. कुठला भाग काढून घेतलास?"

पाठ फिरवून, फळीवरचं काही तरी हलवत, कॉन्रॅड हळू आवाजात काही बोलला.

"काय पुटपुटतोस?"

"काय नाय साहेब," तो वळून म्हणाला. "बघतो मी काय करता येतं ते."

पुटपुटणारा दुकानदार! आत्मारामांचा निकाल तिथंच लागला, आणि यंत्र उचलून ते निघाले. संध्याकाळी आगाशीच्या बाजारात पेन्शनरांच्या कट्ट्यावर त्यांनी तो जाहीर केला, "कॉन्रॅड चांगलं ते काढून घेतो आणि भंगार घालतो." दुसरं कुणी बोललं असतं तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण काटेवाल्या साहेबांनी खोटं ठरवलेलं खरं निघत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक. आठ दिवसांत दोघांनी आपले मिक्सर कॉन्रॅडकडून परत आणले आणि एका बाईनं टीव्ही डोळ्यांसमोर उघडून दाखवायला लावला. कॉन्रॅडनं दाखवला.

पुढच्या मंगळवारी जयवंतीबाई म्हणाल्या, "जरा बहिणीकडे जाऊन येते." हातात पिशवी होती, पण रिकामी. बहिणीकडे जाताना बायको कधी रिकाम्या पिशवीनं जाते? आत्माराम दहा मिनिटं थांबले आणि मागच्या रिक्षानं निघाले. बहिणीच्या घरी जाण्याआधी त्यांनी नंदाखालच्या नाक्यावर रिक्षा थांबवली, आणि केळ्यांच्या हातगाडीआड उभं राहून बघितलं तर काय! त्यांची लग्नाची बायको कॉन्रॅडच्या दुकानात स्टुलावर बसलेली. दोघांची डोकी जवळ. कॉन्रॅड स्वतःच्या कानाला हात लावून काही समजावत होता, आणि जयवंतीबाईंनी पदरानं डोळे पुसले.

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ते पुढं झाले नाहीत. रंगेहाथ पकडायचं तर आधी माल हातात पडू द्यावा लागतो. हातगाडीवाल्यानं विचारलं, "साहेब, केळी देऊ?" तेव्हा त्यांनी त्याचा काटा बघितला आणि घरी आले.

दोन दिवसांनी कॉन्रॅड आपणहून घरी आला. "तक्रार बघायला आलोय साहेब." त्यानं पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, आणि नेमक्या त्याच वेळी जयवंतीबाईंनी खिडकीतून वाकून सांगितलं की टँकर आलाय. टँकर खरंच आला होता. आत्मारामांची दोन्हीकडे ओढाताण झाली, पण पाणी सगळ्या सोसायटीचं. ते काठी घेऊन धावले.

परत आले तेव्हा जिन्यातच त्यांचे पाय थांबले. घरातून टाळ ऐकू येत होते.

ते दारातल्या खुर्चीवर बसले. छन्, छन्, स्वच्छ, एकेक सुटा. अठरा वर्षांपूर्वीचे त्यांचे दोन हात त्या स्पीकरमध्ये जिवंत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. अभंग संपेपर्यंत कॉन्रॅड भिंतीला टेकून उभा राहिला.

"काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"पार्ट सैल होता."

"कुठला?"

"आतला. आणि ह्या अँप्लिफायरचं एक बटण ढिलं हाय, त्यावर पट्टी लावलीय. हात नका लावू."

"पैसे किती झाले?"

"ऱ्हाऊ द्या साहेब."

ज्याची बाजारात बदनामी केली तो माणूस घरी येऊन फुकट काम करून जातो? पाणी कुठं तरी मुरत होतं. एरवी त्यांनी तिथंच यंत्र उघडायला लावलं असतं. पण टाळ वाजत होते, आणि टाळांपुढे त्यांनी जन्मात पहिल्यांदा संशय गिळला. कट्ट्यावर मात्र म्हणाले, "धाक दाखवल्याशिवाय लोक सरळ होत नाहीत."

महिना सुखात गेला असता, पण एक गोष्ट त्यांना डाचत राहिली. जयवंतीबाई आता सकाळी शेजारी बसत नसत. बिरड्याची परात घेऊन स्वयंपाकघरात बसत, आणि कानात कापसाचे बोळे. विचारलं तर म्हणत, सर्दी. महिनाभर सर्दी? आपल्या टाळांचा हिला कंटाळा आला, आणि टाळ परत आलेले हिला बघवत नाहीत, असाही एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. असल्या विचाराला काय म्हणावं! पण माणूस तसा होता.

एका रविवारी मुलगी संपदा नालासोपाऱ्याहून आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आत्मारामांनी तिला हाताला धरून बसवलं. "थांब, तुला गंमत ऐकवतो. तुझ्या बापाचे टाळ."

पेटी झाली, पखवाज झाला, टाळ सुरू झाले आणि संपदानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बाबा, बंद करा! टाळ आहेत की सुया?"

ती उठून अँप्लिफायरपाशी गेली, आणि काही कळायच्या आत तिनं ती काळी पट्टी नखानं ओढून काढली. "हे बघा, ट्रेबल, उंच आवाजाचं बटण, कुणी तरी शेवटपर्यंत फिरवून ठेवलंय. कर्कश वाजणारच." तिनं बटण मधोमध आणलं. "हां. आता कसं गोड."

टाळ गेले.

बुवा गात राहिले, पखवाज चालू राहिला. संपदा मांडीवर बोटांनी ठेका धरत म्हणाली, "किती सुंदर वाजवायचात तुम्ही."

आत्माराम तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला पढवलेलं नव्हतं, तिला कशाचा पत्ता नव्हता. असल्या साक्षीदारावर त्यांनी आयुष्यभर केसेस उभ्या केल्या होत्या. त्यांनी पुढं होऊन बटण उजवीकडे फिरवलं. टाळ आले आणि संपदाचं तोंड वाकडं झालं. मधोमध आणलं. टाळ गेले, संपदा हसली. वजन तीनदा ठेवून बघायचं, हा नियम. त्यांनी तीनदा बघितलं.

"काय करताय बाबा?"

"तपासतोय," ते म्हणाले.

त्यांनी वळून बघितलं तर स्वयंपाकघराच्या दारात जयवंतीबाई उभ्या होत्या, कानातला कापूस हातात घेऊन.

मुलगी गेल्यावर आत्माराम गॅलरीत बसले. जयवंतीबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या. बायको हल्ली नेहमी उजव्याच बाजूला बसते, हे त्यांच्या त्या क्षणी ध्यानात आलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"झाली असतील तीन वर्षं."

"वॉशिंग मशीनची शिट्टी?"

"वाजते."

"आणि रातकिडे?"

जयवंतीबाईंनी खालच्या वाडीकडे बघितलं. ऊन उतरत होतं. "आतासुद्धा ओरडतायत," त्या म्हणाल्या.

"मला सांगायचं होतंस."

"सांगून मानलं असतंत? मीच काही तरी लबाडी करते असं म्हणाला असतात. कॉन्रॅड म्हणाला, ताई, कानाचं साहेबांना कोण सांगणार, त्यापेक्षा बटण फिरवू या."

ते खरं होतं. आत्मारामांना राग आला. दोघांनी मिळून त्यांना फसवलं होतं, त्यांच्याच घरात, त्यांच्याच डोळ्यांदेखत. मग लाज वाटली. सगळा बाजार तपासत फिरलो आणि स्वतःचे कान कधी तपासले नाहीत, काखेत कळसा म्हणतात तो हाच. आणि या दोन्हींच्या खालून तिसरंच काही तरी वर येत होतं, त्याला काय म्हणायचं ते त्यांना कळेना. उणं माप देणारे त्यांनी शेकड्यांनी पकडले होते. जास्त तोलणारा काटाही खोटाच, हेही ते व्यापाऱ्यांना सुनवायचे, नियमच तसा आहे. पण त्यांना स्वतःला कुणी जास्त माप घातल्याचं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. इथं एका बाईनं महिनाभर कानात बोळे घालून त्यांना माप वाढवून दिलं होतं.

"त्रास झाला असेल," ते म्हणाले.

"झाला थोडा. पण तुम्ही खूश होतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्टा भरलेला असताना ते उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "कॉन्रॅडचं यंत्र खरं आहे. मी ऐकण्यात चुकलो. माझा निकाल खोटा." कुणी काही विचारायच्या आत ते तिथून निघाले. चौतीस वर्षांत अशी गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच केली होती. तसेच ते नंदाखालला गेले आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून कॉन्रॅडलाही तेच सांगितलं, शब्दाला शब्द. कॉन्रॅड ओशाळला. त्यानं स्टूल पुढं सरकवलं.

"साहेब, कानाला लावायचं मशीन येतं आता. डॉक्टरला दाखवा."

"दाखवीन. पण त्याचं मशीन आधी तपासून घेईन."

कॉन्रॅड मोठ्यानं हसला, आणि मग साहेबही.

गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं बटण मधोमध आणलं. जयवंतीबाई परात घेऊन शेजारी येऊन बसल्या. कानात कापूस नव्हता. "वाढवायचं तर वाढवा," त्या म्हणाल्या. त्यांनी मान हलवली आणि सीडी पहिल्यापासून लावली.

पेटी वाजली, पखवाज वाजला, बुवा गाऊ लागले. टाळांच्या जागा रिकाम्याच येत होत्या आणि जात होत्या. आत्माराम मांडीवर हात ठेवून बसून राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं, अगदी लहान मुलाला वाटतं तसं. तेवढ्यात त्यांच्या मनगटावर ओलं बोट टेकलं. जयवंतीबाईंनी बिरडं बाजूला ठेवलं होतं आणि त्या प्रत्येक टाळाला बोट टेकवत होत्या.

बोट बरोबर जागेवर पडत होतं. तरीही आतला निरीक्षक बोललाच: ठेका तिच्या कानात बसलाय इतक्या वर्षांत. टाळ ऐकून नाही, अंदाजानं टेकवतेय. मला बरं वाटावं म्हणून.

तिसरं कडवं सुरू झालं. त्या कडव्यात एक जागा होती. स्टुडिओत बुवांनी तिथं ऐन वेळी वेगळीच चाल घेतली होती आणि आत्मारामांचा एक टाळ अर्धी मात्रा उशिरा पडला होता. स्टुडिओवाल्याच्या ध्यानात आलं नाही. बुवांनी नुसतं वळून बघितलं होतं. ती चूक आत्मारामांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. उलट सीडी त्या जागी आली की ते मुद्दाम खाकरायचे. आज ते खाकरले नाहीत.

बुवांनी वळण घेतलं. बोट उचललेलं होतं, ते तसंच वर राहिलं, आणि मग मनगटावर टेकलं. अर्धी मात्रा उशिरा.

त्यांनी जयवंतीबाईंकडे बघितलं. बाईंचं लक्ष गाण्यात होतं. बोट न थांबवता त्या म्हणाल्या, "इथं खाकरता ना तुम्ही नेहमी? आज खाकरला नाहीत."

आत्मारामांनी दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला, बोटाला जागा सोडून, आणि उरलेला अभंग तसाच ऐकला.